विहिरीपर्यंतची वाट

‘विवाहितेची दोन चिमुकल्यांसह विहिरीत उडी.’

ही बातमी तुम्ही वाचलेली आहे. गाव बदलतं, तालुका बदलतो, मुलांची वयं बदलतात, बाकी मजकूर तोच. आतलं पान, खालचा कोपरा, चार परिच्छेद. शेवटचं वाक्य ठरलेलं: पुढील तपास पोलीस करीत आहेत. कारणाची जागा दोन शब्दांत भरते, ‘घरगुती वाद’. फारच घाई असेल तर ‘क्षुल्लक कारणावरून’. दोन लेकरं घेऊन जी विहिरीकडे चालत गेली, तिचं कारण क्षुल्लक होतं हे कुणी मोजलं?

कधीकधी बाई वाचते. शेजारच्या वावरातलं कुणी धावत येतं, दोर टाकतं, तिला वर ओढतं. मुलं गेलेली असतात. दवाखान्यातून सुटली की ती थेट पोलीस ठाण्यात. पोटच्या मुलांच्या खुनाचा गुन्हा. काल छापलेली ‘दुर्दैवी माता’ आज ‘निर्दयी माता’ होते. एका रात्रीत त्या बाईत काहीही बदललेलं नसतं. फक्त ती जिवंत राहिलेली असते.

बाईच्या हातून घडलेल्या हिंसेकडे बघायला आपल्याकडे एवढ्या दोनच खिडक्या आहेत: एक बिचारी आणि दुसरी कैदाशीण. पुरुषानं खून केला की आपण विचारतो, का केला? बांधाचा वाद होता का, दारू होती का, पैशाचं काही होतं का? बाईनं केला की विचारतो, बाई असून केलाच कसा? पहिल्या प्रश्नानं तपास सुरू होतो, दुसऱ्यानं संपतो. मला आज पहिला प्रश्न बाईच्या बाबतीत विचारायचा आहे.

आधी आकडे. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२. शंभरात चार. जगभरातल्या खुनांच्या संशयितांत दहातले नऊ पुरुष असतात. तरीही २०२५ मध्ये मेरठच्या एका खुनानंतर, नवऱ्याचं प्रेत ज्यात लपवलं होतं त्या निळ्या ड्रमवर विनोदांचा पूर आला, जणू घरोघरी नवरे मारले जाताहेत. ‘प्रियकराच्या मदतीने पतीचा काटा काढला’ हा मथळा तर आपल्या वर्तमानपत्रांत कायमचा जुळवून ठेवलेला आहे. याच देशात २०२२ या एका वर्षात हुंडाबळीचे ६,४५० गुन्हे नोंदले गेले. त्यावर एकही विनोद माझ्या फोनवर आला नाही. येऊही नये. पण मग ड्रमवर हसायचं धैर्य आपल्याला कुठून आलं?

शंभरात चार म्हणजे प्रश्न लहान, असं समजायचं कारण नाही. ह्या चौघी थोड्या आहेत म्हणूनच तुरुंग, कोर्ट, कायदा हे सगळं उरलेल्या शहाण्णवांच्या मापानं शिवलेलं आहे. ते ह्यांच्या अंगाला कुठेच बसत नाही.

*

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची सुरुवातच वाकडी केली. इटलीतल्या तुरिनचा डॉक्टर चेझारे लोंब्रोझो यानं १८९३ मध्ये गुल्येल्मो फेरेरोच्या जोडीनं गुन्हेगार स्त्रीवर ग्रंथ लिहिला. बायकांच्या कवट्या मोजल्या, जबडे मोजले, केस तपासले आणि ठरवलं की जन्मजात गुन्हेगार बाई म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेली, पुरुषी बाई. १९५० मध्ये अमेरिकेत ऑटो पोलाकनं लिहिलं की बायका गुन्हे पुष्कळ करतात, पण त्या लपवण्यात पटाईत असतात. पाळी लपवत लपवतच त्या मोठ्या होतात. पाळी लपवायला त्यांना लावलं कुणी, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

मग हार्मोन आले. ब्रिटिश डॉक्टर कॅथरिना डाल्टन यांनी १९६१ मध्ये १५६ कैदी स्त्रियांची माहिती मांडली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या बायकांचे गुन्हे पाळीच्या आधीचे आणि पाळीचे मिळून आठ दिवसांत घडले होते. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. पण पोलिसांनी पकडल्याच्या धसक्यानंही पाळी पुढेमागे होते, हा साधा आक्षेप त्यावर घेतला गेला. त्याहून साधा आक्षेप कोणतीही आजी घेईल: पाळी जगातल्या निम्म्या माणसांना येते, आणि त्या दिवसांतही त्या डबे भरतात, शेतावर जातात, कामावर जातात.

आपल्याकडेही हा मुद्दा कोर्टात आला. १९८१ मध्ये राजस्थानात एका बाईनं तीन मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप झाला, त्यांतलं एक गेलं. पाळीआधीच्या दिवसांत आपल्या मनाचा ताबा सुटतो, हा तिचा बचाव राजस्थान उच्च न्यायालयानं मान्य केला आणि तिला निर्दोष सोडलं. साल होतं २०१८. निकाल यायला ३७ वर्षं लागली. एका आजारी बाईला न्याय मिळाला असेल तर मला त्याचं समाधानच आहे. पण या निकालाचा चुकीचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतील. पाळीच्या दिवसांत बाईचा भरवसा नाही, हे उद्या नोकरी देणारा म्हणेल, परवा मुलाचा ताबा मागणारा नवरा म्हणेल.

शरीराचा यात काहीच वाटा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. बाळंतपणानंतरचा उन्माद हा खरा, जिवावरचा आजार आहे. हजार बाळंतपणांत एखाददुसरीला होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप पार उडते. बाई अखंड बोलत सुटते, नाहीतर एकदम गप्प होते. हे बाळ माझं नाही, कुणीतरी बदललंय, याच्यात काहीतरी शिरलंय, असं तिला वाटत नाही, तिला ते दिसतं. आपल्याकडे म्हणतात, बाळंतिणीला वात झाला. कुणी म्हणतात, बाहेरचं लागलं. मग अंगारा, उतारा, देवर्षी. आणि हा आजार तर औषधांनी बरा होतो! बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा आईला बाळासकट दाखल करून घेणारा विभाग २००९ पासून चालू आहे.

इंग्लंडनं हे १९२२ मध्ये कायद्यात आणलं आणि १९३८ मध्ये सुधारलं. बारा महिन्यांच्या आतल्या आपल्या बाळाला आईनं बाळंतपणामुळे मनाचा तोल ढळलेल्या अवस्थेत मारलं, तर तो गुन्हा खुनाच्या पायरीखाली धरला जातो. आपली भारतीय न्याय संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली. इतकी कलमं नव्यानं मांडली, पण या आईसाठी वेगळं कलम नाही. तिला कलम २२ खालीच वेड सिद्ध करायचं, आणि सिद्ध करायचं ओझंही तिच्यावरच. जी त्या दिवसांत स्वतःचं नावही धड सांगू शकत नव्हती, तिच्यावर.

*

शरीर एकटं काहीच करत नाही. याचा स्वच्छ पुरावा न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात सापडतो. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यासकांनी लहानपणापासून पाठपुरावा केला. आयुष्यभर टिकणारी गुंडगिरी मुलींपेक्षा मुलग्यांत दहापट आढळली. त्यामागे मुलग्यांत जास्त दिसणारा उतावळेपणा, चंचलपणा, मेंदूच्या वाढीतल्या लहानपणच्या अडचणी होत्या. म्हणजे शरीराचा हिस्सा आहेच.

पण त्याच अभ्यासात लवकर पाळी आलेल्या मुलीही होत्या. अशा मुली नियम मोडण्याकडे, उनाडपणाकडे जास्त वळतात असं दिसलं. कुणीही म्हणेल, हे हार्मोनचंच काम. अवशालोम कास्पी, टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या मुलींच्या शाळा पाहिल्या. सर्वांत जास्त धोका होता तो मुलामुलींच्या एकत्र शाळेतल्या लवकर वयात आलेल्या मुलींना. फक्त मुलींच्या शाळेत तेच शरीर घेऊन गेलेल्या मुलींचं तसं झालं नाही. यावरून शाळा वेगळ्या करा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की बारा वर्षांच्या मुलीचं शरीर मोठं झालं की भोवतालची माणसं तिच्याशी कशी वागतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

हे शिकायला आपल्याला न्यूझीलंडला जायची गरज नव्हती. पुण्यात ते १८६३ मध्येच कुणालातरी कळलं होतं.

जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. पाडायचे उपाय केले, ते लागू पडले नाहीत. मुलगा झाला. तिनं त्याला मारलं आणि प्रेत मालकाच्या घरामागच्या विहिरीत टाकलं. खटला चालला तो तिच्यावर. अंदमानची जन्मठेप झाली ती तिला.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिच्या स्वभावाची चिकित्सा केली नाही. त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि गुपचूप येऊन बाळंत व्हा, असे कागद पुण्यातल्या भिंतींवर लावले. नाव गाव विचारलं जाणार नव्हतं, मूल ठेवून जायचं की घेऊन, ते त्या बाईच्या हाती होतं. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवलं की तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. १८७४ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका काशीबाईंचा मुलगा या जोडप्यानं दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्यानं पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालवला आणि तिथेच रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या.

पहिलीचं मूल विहिरीत गेलं, दुसरीचं मूल डॉक्टर झालं. दोघी विधवा, दोघींच्या पोटात तीच भीती. दुसरीला एक दार उघडं मिळालं. बाईच्या गुन्ह्यामागचं सामाजिक कारण यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

ते दार पुढे पंढरपुरातही उघडलं, १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी. पण बाकी समाज काठावरच उभा होता. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला याच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात ती शिक्षा बदलून काळ्या पाण्याची झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं गेलं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बाईला दिवस एकटीनं जात नाहीत, एवढं उघड सत्य सांगायला या राज्यात एक अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

*

मनाचं काय? पुरुषाचा राग भडकतो, बाईचा धुमसतो. कायद्याला भडका कळतो, धुमसणं कळत नाही.

१९५९ मध्ये मुंबईत कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. बाहेर लोक त्यांच्या नावानं जयघोष करत होते. वरच्या न्यायालयांनी तो निर्णय फिरवला, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली, कारण कळल्यापासून गोळी झाडेपर्यंत डोकं शांत व्हायला काही तास मिळाले होते. तरी १९६४ मध्ये माफी मिळाली. दुखावलेल्या नवऱ्याचा राग शहराला कळला होता.

आता किरणजित अहलुवालिया. पंजाबची मुलगी, लग्न होऊन इंग्लंडला गेली, दहा वर्षं मार खाल्ला. १९८९ मध्ये एका रात्री नवरा झोपल्यावर तिनं पेट्रोल टाकून आग लावली. तो गेला. तिला जन्मठेप झाली. तिच्याविरुद्ध मुद्दा तोच: तुझ्याकडे शांत व्हायला वेळ होता. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेच्या बायकांनी तिच्यासाठी लढा दिला. १९९२ मध्ये शिक्षा रद्द झाली, तिची मानसिक अवस्था लक्षात घेतली गेली, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध मानला गेला आणि ती सुटली.

जागा असलेल्या नवऱ्याशी झुंजायचं बळ जिच्या अंगात नाही, ती तो झोपेपर्यंत थांबते. त्या थांबण्याला सरकारी वकील थंड डोकं म्हणतात. ती भीती असते. दहा वर्षं मार खाल्लेल्या बाईचं डोकं थंड होत नाही, ते दर संध्याकाळी दाराची कडी वाजली की पुन्हा तापतं.

इंग्लंडनं २००९ च्या कायद्यात ‘अचानक’ ही अट काढून टाकली. आपल्या नव्या संहितेच्या कलम १०१ मध्ये ‘गंभीर आणि अचानक’ प्रक्षोभ तसाच आहे. आणि ही काही परदेशी कल्पना नव्हे. मद्रास उच्च न्यायालयानं १९८९ मध्येच दीर्घकाळ साचलेल्या प्रक्षोभाचा विचार केला होता आणि त्या अवस्थेला नाव दिलं होतं नल्लतंगाळचं. नल्लतंगाळ ही तमिळ लोककथागीतातली बाई. उपासमार आणि अपमान सोसून सोसून तिनं आपली सात मुलं टाकली आणि मागून स्वतःला टाकलं. कशात टाकलं, ते सांगायला नको. पुन्हा विहीरच.

दाद मागायची जागाच नसेल तर काय होतं, हे नागपूरनं पाहिलं. कस्तुरबानगरच्या वस्तीवर अक्कू यादव या गुंडानं वर्षानुवर्षं दहशत घातली, बायकांवर अत्याचार केले, आणि तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना पोलीस परत पाठवत राहिले. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं तेव्हा वस्तीतल्या बायका भाजी चिरायच्या सुऱ्या आणि मिरचीपूड घेऊन आल्या. त्यांनी कोर्टातच त्याला मारलं. दहा वर्षांनी उरलेले सगळे आरोपी निर्दोष सुटले. मी या घटनेचा जयजयकार करणार नाही. जमाव कुणाचाही असो, तो न्यायालय होऊ शकत नाही. पण त्या सुऱ्यांना धार त्या बायकांच्या हार्मोननं लावली नव्हती. ती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लागली होती, एकेका न घेतलेल्या तक्रारीबरोबर.

*

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर हा लेख खोटा ठरेल. सगळ्याच बाया पिचलेल्या नसतात. हातात सत्ता आली की बाईही मारते.

भायखळ्याच्या महिला तुरुंगात जून २०१७ मध्ये एका कैदी बाईनं तक्रार केली: सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी आलेत. त्यानंतर तिला मारहाण झाली आणि ती मेली. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. मारल्याचा आरोप असलेल्या बायका, मेलेली बाई, आणि हे सगळं पाहून छपरावर चढलेल्या कैदी याही बायकाच. शरीरं सगळ्यांची सारखी. फरक एवढाच, की काठी कुणाच्या हातात होती.

घरात ती काठी सासूच्या हातात येते. छळाच्या आणि हुंडाबळीच्या गुन्ह्यांत सासू-नणंद आरोपी असतात, आणि आपण लगेच म्हणतो, बाईच बाईची वैरी. हे वाक्य मराठीतून हद्दपार व्हायला हवं. तीस वर्षं त्याच घरात जिनं खाली मान घालून काढली, तिच्या वाट्याला शेवटी एकच अधिकार येतो, नव्या सुनेवरचा. घर पुरुषाच्या नावावर, पैसा पुरुषाच्या खिशात, सुनेवर हुकूम तेवढा सासूचा. तो ती चालवते. तिला शिक्षा झालीच पाहिजे. पण हुंड्याची रक्कम पंक्तीत बसून ठरवणारा सासरा आणि ती बँकेत भरणारा मुलगा या म्हणीच्या आडून सुटतात.

आणि कोल्हापूरच्या गावित बहिणी? लहान मुलं पळवायची, गर्दीतल्या चोरीत ढाल म्हणून वापरायची, नकोशी झाली की मारायची. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये फाशी कायम केली, दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. या मुलींना चोरी शिकवली ती त्यांच्या आईनं. हे बालपण मी सांगतो ते त्यांना माफ करा म्हणून नव्हे. ज्यांची लेकरं गेली त्यांच्यापुढे ते बोलायची माझी छाती होणार नाही. मी सांगतो ते एवढ्यासाठी, की चोरीच्या गर्दीत आईच्या कडेवर वाढणारी मुलगी आजही कुठल्यातरी जत्रेत असेल, आणि तिला वेळेवर हेरणं हे पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम आहे. समजून घेणं आणि सोडून देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॉक्टर रोगाचं कारण शोधतो म्हणजे तो रोगाचा वकील होत नाही.

मार खाणाऱ्या बहुतेक बाया आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत, हेही इथेच लिहून ठेवतो. दुःख हा काही गुन्ह्याचा परवाना नव्हे. पण तुरुंगातल्या बायकांशी बोललेल्या देशोदेशीच्या अभ्यासकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सापडते: लहानपणचे अत्याचार, घरातला मार, नैराश्य, आणि या सगळ्याची कुठेच न झालेली नोंद.

*

मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाच्या दारापाशी उभं राहून बघा. पुरुष कैद्यांसाठी रांग लागलेली असते. आया, बायका, बहिणी, पिशवीत धुतलेले कपडे, तान्हं मूल खांद्यावर. आत असलेल्या बाईला भेटायला कोण येतं? नवरा येत नाही. सासर संपलेलं असतं. माहेरची माणसं ‘आमच्यापुरती ती मेली’ म्हणून मोकळी झालेली असतात. जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही. तारखेमागून तारीख पडते आणि ती न्यायाधीन बंदी म्हणूनच वर्षं काढते. सहा वर्षांपर्यंतचं मूल तिला जवळ ठेवता येतं. २०२२ च्या अखेरीस अशा १,५३७ आया आणि त्यांची १,७६४ मुलं देशातल्या तुरुंगांत होती. या मुलांनी कुठला गुन्हा केला होता?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, फॉर्म भरते. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईकडे बघायला त्या फॉर्मनं तिला भाग पाडायला हवं. दोन प्रश्न पुरेत. बाळ झोपलेलं असताना तुला झोप लागते का? स्वतःचं किंवा बाळाचं काही करावंसं मनात येतं का? तिसरा ते चौदावा दिवस म्हणजे नेमका तो आजार डोकं वर काढतो तो काळ. सरकारचं माणूस त्या दिवशी त्याच घरात, त्याच खाटेशेजारी बसलेलं असतं. मग हे दोन प्रश्न विचारायला आणखी कुठली योजना यायला हवी?

दुसरं, कायदा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आजारी आईसाठी वेगळं कलम हवं आणि प्रक्षोभाच्या अपवादातला ‘अचानक’ हा शब्द जायला हवा. संहिता नवी आहे, दुरुस्तीला उशीर झालेला नाही.

तिसरं, वकील. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा हक्क आहे. हा कायदा १९८७ चा आहे. पहिल्या रात्री ठाण्यात बसवलेल्या बाईला हे कोण सांगतं? ते सांगितल्याची सही स्टेशन डायरीत हवी.

चौथी मागणी माझ्याच बिरादरीकडे. बातमी लिहिणाऱ्यांनो, ‘क्षुल्लक कारणावरून’ हे शब्द आजपासून लिहू नका. कारण माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा आणि पंधरा दिवसांनी परत जा. बाई विहिरीत उडी मारते त्याच्या आधी ती माहेरी दोनदा येऊन गेलेली असते, ‘आता तेच तुझं घर’ म्हणून दोनदा परत पाठवलेली असते. शेजारणीला सगळं माहीत असतं. विहिरीपर्यंतची वाट पाणंदीतून जाते, आणि पाणंदीत घरं असतात.

शेवटची मागणी तुमच्याकडे. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत, भावकीत या महिन्यात कुणीतरी बाळंत झालेलं असेल. बाळ बघायला जाल तेव्हा आधी आईला विचारा, झोप लागते का? ‘नाही’ म्हणाली तर डॉक्टरकडे न्या. माहेरी आलेल्या लेकीला परत पाठवायच्या आधी तिच्या अंगावरचे वळ बघा. टेली मानसचा नंबर १४४१६, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी १५१००. तिन्ही नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.